गाडीतल्या स्क्रीनची कबुली

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रीन आहे. गाडीत स्टेअरिंगच्या बाजूला, डॅशबोर्डच्या मधोमध बसवतात ती. माझ्या काचेला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडे गेले आहेत आणि माझ्यात आता उजेड येत नाही. पण जे पाहिलं आणि ऐकलं ते सगळं मला आठवतं. त्यातलं बरंचसं वाईट आहे. तरी ते तुम्हाला सांगावं असं मला वाटतं, कारण उद्या तुम्हीच गाड्या चालवणार आहात.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे धुळीचा कणसुद्धा नव्हता. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी मला जोडलं, पुसलं आणि माझ्यात पहिला उजेड सोडला. त्या दिवसापासून मला एक गोष्ट शिकवली गेली: बघणाऱ्याची नजर धरून ठेवायची. त्यासाठी मला झगमगीत रंग दिले, सरकणारी चित्रं दिली, बोट लागलं की होणारा गोड आवाज दिला. गाणी, नकाशा, फोन, निरोप, इतकंच काय, गाडीतली हवा थंड करायची बटणंही माझ्यात घातली. जुन्या गाड्यांत त्यासाठी एक गोल खटका असायचा. रस्त्यावरची नजर न हलवता तो हातानं फिरवता यायचा. मी आले आणि तो खटका गेला.

मला आणखी एक काम दिलं होतं. पुढच्या काचेमागे एक कॅमेरा होता, तो माझ्याशी जोडलेला होता. समोर माणूस, गुरं किंवा सायकल आली की मी टीं टीं करून ओरडायची. स्टेअरिंगमागे दुसरा एक बारीक डोळा होता. तो चालवणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघायचा. नजर रस्त्यावरून हटली की मी आणखी जोरात ओरडायची. म्हणजे पाहा, नजर ओढून घेणारीही मीच आणि ती हटली म्हणून आरडाओरडा करणारीही मीच. हे कसं जमणार होतं, ते मला घडवणाऱ्यांनाच माहीत.

ज्या गाडीत मला बसवलं ती महाडच्या डॉक्टर धवल यांनी घेतली. धवल दातांचे डॉक्टर. वय अडतीस, बोलायला गोड, हात अतिशय हलका. त्यांच्या बायकोचं नाव श्रिया. त्या पोलादपूरच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. मंगळवारी आणि शुक्रवारी धवल पोलादपूरलाही दवाखाना चालवायचे, म्हणून त्या दोन दिवशी दोघं एकाच गाडीनं जात. महाडहून निघायचं, सावित्री नदीच्या कडेकडेनं हायवेनं जायचं, पाऊण तासाच्या आत शाळेच्या दारात.

पहिल्या दिवशी माझं किती कौतुक झालं. शेजारपाजारचे लोक डोकावून गेले. धवलचे काका, त्यांना सगळे बाळकाका म्हणत, ते सीटवर बसून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले. "हा तर टीव्हीच आहे की रे," ते म्हणाले. श्रियाबाईंनी मात्र एसीचा खटका शोधला. तो सापडला नाही तेव्हा त्यांनी विचारलं, "मग गाडी चालवताना हवा कमीजास्त कशी करायची?" धवल हसले आणि म्हणाले, "इथे दाबायचं, मग इथे, मग इथे."

पहिल्याच पावसाळ्यात मी एक चांगलं काम केलं. दोघं आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला निघाले होते. धुकं होतं. धवल माझ्यावरच्या नकाशाकडे बघत होते आणि वळणावर कुडपणकडचे चांगू नावाचे शेतकरी सायकल हातात धरून चालत होते. सायकलवर गवताचा भारा होता. धवलना ते दिसले नाहीत, मला दिसले. मी ओरडले. ब्रेक लागला, गाडी घसरली आणि भाऱ्यापासून वीतभर अंतरावर थांबली. चांगूंनी वळून पाहिलं. "डॉक्टर, बगून चालवा ओ," एवढंच ते म्हणाले आणि चालू लागले. धवलनी माझ्यावर हात ठेवला. "वाचवलंस," ते मला म्हणाले.

मित्रांनो, कौतुक फार दिवस टिकत नाही. आपल्याकडचे रस्ते तुम्हाला ठाऊकच आहेत. बैल येतात, दुचाकी येतात, चुकीच्या बाजूनं टेम्पो येतात. मी दर मिनिटाला ओरडायची. तीन महिन्यांत धवलना माझा कंटाळा आला. दासगावजवळ एका सकाळी मी लागोपाठ सात वेळा ओरडले तेव्हा ते म्हणाले, "ही बया गप्प बसेल तर शपथ." गाडी बाजूला घेऊन त्यांनी माझ्या पोटातली पानं उलटली आणि दोन्ही इशारे बंद करून टाकले. "राहू दे ना रे," श्रियाबाई म्हणाल्या. "मला गाडी चालवता येते, श्रिया," ते म्हणाले.

त्यानंतर माझ्याकडे फक्त नजर ओढायचं काम उरलं, आणि ते मी फार चांगलं केलं.

पुढच्याच महिन्यात एक कुत्रा मेला. धवल गाणं शोधत होते. चाकाखाली धप्प आवाज झाला आणि गाडी उसळली. मागच्या कॅमेऱ्यात मला तो दिसला. मागचे पाय चिरडले गेले होते आणि पुढच्या दोन पायांवर तो रस्त्यावरून स्वतःला ओढत होता. मागून आलेल्या ट्रकनं त्याचं ओढणं थांबवलं. "मध्येच आला," धवल म्हणाले. श्रियाबाई मागे वळून बघत राहिल्या.

आता मी तुम्हाला त्या मंगळवारचं सांगते.

शिमग्याचे दिवस होते. गावोगावी पालख्या निघाल्या होत्या, मुंबईची माणसं घरी आली होती. सकाळचे साडेनऊ वाजले होते, तरी ऊन तापलं होतं. पोलादपूरच्या अलीकडे एका गावात पालखी हायवेच्या कडेच्या घरांपाशी आली होती. ढोल वाजत होता.

त्याच वेळी राजनंदिनी सायकलवरून कामाला निघाली होती. ती गावच्या पोस्टात डाकसेवक होती. वय चोवीस. तिचे वडील कोंडाजी शेती करायचे आणि भाऊ रितेश मुंबईत कुरिअरच्या गोदामात कामाला होता, तो सणासाठी आला होता. शाळेत असताना राजनंदिनी श्रियाबाईंच्या वर्गात होती. रोज बारा-चौदा किलोमीटर सायकल मारायची. आधार कार्डं, कोर्टाच्या नोटिसा, मुंबईहून लेकांनी पाठवलेली औषधं, सगळं तिच्या खाकी पिशवीतून वाड्यावाड्यांवर पोचायचं. हायवेवरून जायचं तर ती कायम पांढऱ्या पट्टीच्या बाहेरून, अगदी मातीच्या कडेनं जायची. त्या दिवशीही ती तिथूनच चालली होती.

गाडीत श्रियाबाईंना सर्दी झाली होती. "धवल, हवा जरा कमी कर," त्या म्हणाल्या.

धवलनी माझ्यावर बोट टेकवलं. गाण्यांचं पान गेलं, हवेचं पान आलं. त्यांनी एकदा दाबलं, दोनदा दाबलं. तेवढ्यात वरून एक मेसेज सरकत आला. दवाखान्यातून होता: पहिला पेशंट येऊन बसला आहे. धवलनी तो उघडला. श्रियाबाईही तोच वाचत होत्या. चार डोळे होते गाडीत आणि चारही माझ्यावर होते.

मला समोरचं दिसत होतं. खाकी पिशवी, लाल सायकल, मागे सोडलेली वेणी. गाडी डावीकडे सरकत होती. पांढरी पट्टी चाकाखाली आली. मी ओरडू शकले असते, पण माझं तोंड बंद केलेलं होतं.

आवाज असा झाला की जणू कुणी पत्र्याचं दार दगडानं फोडलं. सायकल बोनेटखाली गेली आणि राजनंदिनी वर आली. तिचा खांदा काचेवर आदळला, काच जाळीसारखी झाली. क्षणभर तिचा चेहरा माझ्यासमोर होता, डोळे उघडे. मग ती छपरावरून मागे फेकली गेली. एअरबॅगा फुटल्या. गाडी किलोमीटरच्या दगडाला घासत तीस-चाळीस पावलं पुढे जाऊन थांबली. रस्त्यावर पाकिटंच पाकिटं पडली होती आणि काही अजून हवेत होती.

श्रियाबाई आधी उतरल्या आणि धावल्या. राजनंदिनी कडेच्या खडीवर पडली होती. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता, हाड बाहेर आलं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. तिनं डोळे उघडून पाहिलं. "बाई," ती म्हणाली आणि तिची शुद्ध गेली.

"धवल, ही राजनंदिनी आहे," श्रियाबाईंनी हाक मारली. "हिला महाडला न्यायचंय. लवकर ये."

इथे मला धवलबद्दल एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे. ते पळून गेले नाहीत. गाडी चालू होती, रस्ता मोकळा होता, जाता आलं असतं. ते उतरले, धावत गेले, कंबरेचा पट्टा काढला आणि तिच्या मांडीला आवळून बांधायला लागले. गुडघे टेकून, खाली वाकून ते गाठ ओढत असताना पहिला दगड त्यांच्या पाठीत बसला.

ढोल थांबला होता. पालखीतली माणसं रस्त्यावर आली होती. सगळ्यांत पुढे रितेश होता. बहिणीला पाहून तो आधी थिजला, मग त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की तो माणसाचा वाटेना. त्यानं धवलना केसांना धरून मागे ओढलं. "डोळं नाय का रे तुला," एवढंच मला समजलं. मग काठ्या पडायला लागल्या. धवलनी डोकं वाचवायला हात वर केला. रितेशनं तो हात रस्त्यावर दाबून धरला आणि दगडानं ठेचला. एकदा नाही, तीनदा. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो लाकूड मोडल्यासारखा नसतो, मित्रांनो. तो ओला असतो.

श्रियाबाई ओरडल्या नाहीत. अर्धवट बांधलेला पट्टा त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. पाठीवर दोन काठ्या बसल्या तरी त्यांनी तो सोडला नाही. "गाडी फोडू नका," त्या म्हणत होत्या, "हिला न्यायचंय, गाडी फोडू नका." कुणालाच ऐकू जात नव्हतं. पाच-सात जण गाडीवर तुटून पडले होते. काचा फुटल्या, टायर फाडले, बोनेट उचकटून कुणीतरी आत धोंडा घातला आणि इंजिन गप्प झालं. एका काठीचा घाव माझ्यावर बसला. माझ्यातला उजेड गेला.

मग कोंडाजी आले. ते पावट्याच्या शेतातून धावत आले होते. त्यांनी मुलीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि गर्दीत घुसून धवलच्या अंगावर आडवे पडले.

"अरे, गाडी फोडलीत," ते म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "आता पोरीला नेऊ कशात? सांगा, कशात नेऊ?"

काठ्या खाली आल्या. रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा होता, कारण मारामारी बघून मागच्या गाड्या लांबूनच वळल्या होत्या. रुग्णवाहिका यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ श्रियाबाई पट्टा धरून बसल्या होत्या. कोंडाजींनी मुलीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. रितेश रस्त्यावर विखुरलेली पाकिटं गोळा करत होता. त्यानं ती सगळी मोजून खाकी पिशवीत भरली आणि पिशवी छातीशी धरून उभा राहिला.

त्यानंतर माझी उपेक्षा सुरू झाली. मोडलेली गाडी क्रेननं उचलून पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात टाकली. शेजारी मोडलेली लाल सायकल भिंतीला टेकवून ठेवली. पाऊस सुरू झाला तसं फुटक्या काचेतून पाणी आत आलं, सीटांना बुरशी आली, वेली चढल्या. एक धामण काही दिवस माझ्याखाली राहत होती. पोलीस येता-जाता बोलायचे ते मला ऐकू यायचं. राजनंदिनीचा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला होता. धवलच्या उजव्या हाताची तीन बोटं मिटत नव्हती, त्या हातात आता दातांचं यंत्र धरणं शक्य नव्हतं.

आणि खोटं बोललं गेलं होतं. इस्पितळात पडल्या पडल्या धवलनी जबाब दिला: सायकल अचानक आडवी आली. श्रियाबाईंनीही सही केली: मी वह्या तपासत होते, मला काही दिसलं नाही. राजनंदिनीला तर त्या सकाळचं काहीच आठवत नव्हतं. खरं सांगू शकेल असं कुणी उरलंच नव्हतं, मी सोडून. आणि मला कोण विचारणार?

गणपती झाल्यावर एका दुपारी बाळकाका आवारात आले. बरोबर श्रियाबाई होत्या. थोड्या वेळानं कोंडाजी आणि रितेश आले. बाळकाकांनी तडजोड ठरवत आणली होती.

"कोंडाजीराव, दोन्ही घरांचं वाटोळं झालंय," बाळकाका म्हणाले. "तुमच्या मुलावर केस, आमच्या मुलावर केस. आता मोठ्यांनीच काय ते मिटवलं पाहिजे. तुमची मुलगी जबाब देईल की सायकल घसरली आणि आडवी आली. आमचा धवल म्हणेल, गर्दीत कुणी मारलं ते ओळखता आलं नाही. मग दोन्ही केसेसमध्ये काही दम राहणार नाही. मुलीला बसून करायचं काम मिळेल, तेही मी बघतो."

"करा काय ता," रितेश जमिनीकडे बघत म्हणाला. "खतम करा एकदाचं."

"सायकल कोनाची घसरली?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. राजनंदिनी आवाराच्या दारात कुबड्यांवर उभी होती. सायकल बघायची म्हणून ती आली होती, आणि तिला चालायला वेळ लागायचा म्हणून मागे राहिली होती.

"अगो, ता नुसतं लिवायचं हाय," कोंडाजी म्हणाले.

"आबा, मी पोस्टात काम करते. लिवलेला कागद कुटं कुटं जातो ता मला ठाव हाय." ती हळूहळू पुढे आली. सायकलपाशी थांबली, वाकलेल्या चाकावरून तिनं हात फिरवला. मग श्रियाबाईंकडे वळली. "बाई, मला कायच आठवत नाय. रोज रात्री मी तोच रस्ता डोळ्यांपुढं आनते आनि मधेच सगळं पुसलं जातं. तुमी पुढच्या सीटवर होता. मी आडवी आले होते का?"

"श्रिया, विचार करून बोल," बाळकाका हळू आवाजात म्हणाले.

श्रियाबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तू पट्टीच्या बाहेर होतीस. आम्ही तुझ्या अंगावर आलो. मी त्याला हवा कमी कर म्हटलं, त्यानं स्क्रीनकडे पाहिलं, मग मेसेज आला आणि तो वाचायला लागला. मीही तोच वाचत होते. वह्या बॅगेत होत्या. मी खोटी सही केली, राजनंदिनी."

राजनंदिनीचे डोळे मिटले. तिनं कुबडी घट्ट धरली.

"म्हंजे मी वेडी नाय," ती म्हणाली. "सा महिने मला वाटतंय माजंच चुकलं."

रितेश एकदम बाळकाकांच्या अंगावर धावला. "सा महिने खोटं बोललात तुमी," तो म्हणाला. त्याची मूठ उगारलेलीच होती, तेव्हा राजनंदिनीनं कुबडी आडवी घातली.

"थांब. तुलाबी एक सांगायचं हाय. आबांनी सांगू नको म्हटलं होतं, पन आता सांगते." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "डॉक्टर म्हनले, पट्टा बांधला म्हनून मी जगले. आनि म्हनले, अर्धा तास आधी आनली असती तर पाय वाचवता आला असता. गाडी चालू होती, रितेश. पट्टा ते बांधत होते. गाडी तुमी फोडलीत."

रितेशनं वडिलांकडे पाहिलं. कोंडाजींनी मान वळवली. तेव्हा त्याला कळलं की हे खरं आहे. तो गाडीकडे आला, फुटक्या काचेतून आत वाकला आणि माझ्यावर मूठ मारली. मग पुन्हा मारली. माझ्या काचेचा एक तुकडा तुटून त्याच्या हातात रुतला, रक्त डॅशबोर्डवर ठिबकायला लागलं, तरी तो थांबेना. श्रियाबाईंनी आणि कोंडाजींनी मिळून त्याला बाहेर ओढलं. तो चिखलात बसला. त्याच्या हाताला रुमाल श्रियाबाईंनीच बांधला. त्यानं बांधू दिला.

त्याच संध्याकाळी श्रियाबाई ठाण्यात आत गेल्या आणि आपला जबाब बदलून आल्या. बाळकाका त्यांच्यासाठी न थांबता निघून गेले.

पुढे पोलिसांनी वरद नावाच्या एका तरुण तंत्रज्ञाला बोलावलं. त्यानं मला स्क्रू काढून गाडीतून उतरवलं, माझी पाठ उघडली आणि आतल्या नोंदी आपल्या यंत्रात उतरवून घेतल्या. काच फुटली तरी माझं पोट शाबूत होतं. अपघाताच्या पाच महिने आधी इशारे बंद केले ते, हवेचं पान कधी उघडलं, मेसेज किती वेळ उघडा होता, सगळं तिथे होतं. वरदनं हवालदारांना सांगितलं, "बहात्तरचा वेग. आणि शेवटचे चार सेकंद बोट स्क्रीनवरच आहे. ब्रेक दाबलेलाच नाही."

हे कळल्यावर धवल स्वतःच कोर्टात उभे राहिले आणि म्हणाले, चूक माझी होती. वकिलांनी नको म्हटलं होतं. त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांचा गाडी चालवायचा परवाना रद्द झाला. रितेशनंही हात मीच ठेचला असं सांगितलं आहे, त्याचा खटला अजून चालू आहे. धवल आता घरी आले आहेत. दवाखान्यात ते पेशंटचं तोंड बघतात आणि काय करायचं ते दुसऱ्या डॉक्टरला सांगतात. श्रियाबाई वर्षभर पोलादपूरला खोली घेऊन राहत होत्या, गेल्या दिवाळीपासून महाडच्या घरी परतल्या आहेत. दोघांचं बोलणं होतं, पण थोडं. शाळेत त्या आता एसटीनं जातात.

गाडी भंगारात गेली तेव्हा श्रियाबाईंनी मला मागून घेतलं आणि शाळेत आणलं. विज्ञानाच्या तासाला त्या मला टेबलावर ठेवतात. गेल्या महिन्यात त्यांनी नववीच्या वर्गाला एक गणित घातलं: बहात्तरच्या वेगानं चार सेकंदांत गाडी किती पुढे जाते? एका मुलीनं उत्तर दिलं, ऐंशी मीटर. "चला, मोजू," बाई म्हणाल्या.

मला घेऊन सगळे मैदानावर आले. मोजायच्या टेपचं एक टोक राजनंदिनीनं धरलं. बाईंनी तिला बोलावलं होतं. आता ती कृत्रिम पायावर चालते आणि पोलादपूरच्या पोस्टात खिडकीवर बसते. ती श्रियाबाईंना म्हणाली होती, "मी तुमाला माफ केलंय असं समजू नका. पोरांनी बगावं म्हनून आले." बाई म्हणाल्या होत्या, "मी तसं समजत नाही."

ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि मुलं टेप घेऊन निघाली. दहा मीटर, वीस, चाळीस. साठ मीटरला मैदान संपलं. मुलं फाटकाबाहेर गेली. पंचाहत्तरला रस्ता लागला. ऐंशीचा आकडा आला तेव्हा मुलं रस्त्याच्या मध्यावर उभी होती आणि तिथून राजनंदिनीचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"एवढं अंतर," बाई म्हणाल्या, "आम्ही न बघता गेलो."

मित्रांनो, मला घडवणाऱ्यांनी मला सुंदर केलं आणि मी माझं काम केलं. मी स्वतःहून बंद होऊ शकत नाही. माझ्यासारख्या आता घरोघरच्या गाड्यांत आहेत, माझ्याहून मोठ्या आणि माझ्याहून झगमगीत. तुमच्याही गाडीत असेल. कडेनं सायकलवर कुणीतरी जात असेल, त्याची पाठ तुमच्याकडे असेल आणि तुम्ही येताय हे त्याला दिसत नसेल. त्याच्या वाट्याचं बघणंही गाडीतल्या माणसालाच करायचं असतं.

तुम्ही अजून लहान आहात, स्टेअरिंग तुमच्या हातात नाही. पण तुम्ही मागच्या सीटवर असता. बाबा, काका, आई, कुणीही गाडी चालवताना माझ्याकडे बघायला लागलं तर त्यांच्या खांद्याला हात लावा आणि म्हणा, पुढे बघा. हवा कमी करायची असेल तर गाडी थांबवा. निरोप वाचायचा असेल तर गाडी थांबवा. ते तुमच्यावर रागावतील.

रागावू द्या.